तुग्यानी, गंडीपेट आणि रिकामी ठेवलेली जागा

आमच्या हैदराबादेत जुनी माणसं वय सांगताना सन सांगत नसत. "तुग्यानीच्या वेळी मी पाळण्यात होते" असं आजी म्हणायची, की ऐकणाऱ्याला हिशोब कळायचा. तुग्यानी म्हणजे मुसी नदीचा 28 सप्टेंबर 1908 चा महापूर. शब्द उर्दू, पण आमच्या घरच्या मराठीत तो असा रुळला होता की तो मराठी नाही हे मला शाळेत गेल्यावर कळलं. पुराच्या गोष्टी पुष्कळ घरांत सांगितल्या जातात. त्या पुरानंतर जे बांधलं गेलं आणि ते का बांधलं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी पुराबद्दल थोडक्यात. 26 तारखेपासून पाऊस लागला होता. शमशाबादला 24 तासांत 12.8 इंच आणि 48 तासांत जवळजवळ 19 इंच पाणी पडलं. सोमवारी सकाळी मुसी गावात शिरली. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल, तिन्ही गेले. कुतुबशाहीतला 1578 चा पुरानापूल तेवढा तगला. माणसं किती गेली याचे आकडे वेगवेगळे सांगतात, 15,000 हा त्यातल्या त्यात सगळीकडे येणारा अंदाज. शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात गेली. आता जिथे उस्मानिया हॉस्पिटल आहे तिथल्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली. ते झाड अजून उभं आहे.

सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते. त्यांनी नदीला साडीचोळी वाहिली, वाड्यांचे दरवाजे लोकांसाठी उघडले, हे आपण ऐकलेलंच आहे. त्यांच्या सरकारनं आणखी एक गोष्ट केली. मुंबई इलाख्याच्या नोकरीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या एका इंजिनिअरला, तो परदेशात प्रवासात असताना, निरोप पाठवला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांना आपण म्हैसूरचे म्हणतो ते बरोबरच, पण त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झालं होतं आणि 1884 पासूनची बरीचशी नोकरी नाशिक, धुळे, पुणे अशी आपल्याच मुलखात झाली होती. खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे-मिटणारे दरवाजे बसवून, धरणाची भिंत न वाढवता त्यांनी तळ्याची पातळी आठ फूट चढवली होती. त्या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

एप्रिल 1909 मध्ये ते हैदराबादला आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हैसूरला चीफ इंजिनिअर म्हणून रुजू झाले. म्हणजे इथे सारे सहा-सात महिने. एवढ्या वेळात त्यांनी पुराच्या खुणा, नदीची रुंदी-खोली, पर्जन्यमापकांचे आकडे सगळं गोळा करून हिशोब मांडला. त्यातले दोन आकडे मला विलक्षण वाटतात.

पहिला आकडा तलावांचा. शहराच्या वरच्या अंगाला मुसीचं जे साधारण 860 चौरस मैलांचं खोरं आहे, त्यात 788 तलाव होते. जवळजवळ दर चौरस मैलाला एक. काकतीयांच्या काळापासून तेलंगणात तलाव बांधायची रीतच आहे. एकाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्याही खालच्यात, अशी माळ. एरवी याच्यासारखी सोय नाही. पण त्या दोन दिवसांत 788 पैकी 221 तलाव फुटले. वरचा फुटला की त्याचं सगळं पाणी एकदम खालच्यावर, मग तोही जातो. मुसी नुसत्या पावसानं एवढी फुगली नव्हती, तिच्यात फुटलेल्या तलावांचं पाणीही होतं.

पुण्याची माणसं हे वाचताना थांबतील. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फोडलं, तो प्रकार जातीनं हाच. तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते, शंभरीचे. ते एप्रिल 1962 मध्ये गेले.

दुसरा आकडा पुराच्या जोराचा. सेकंदाला 4,25,000 घनफूट. मी कॉमर्सवाला, इंजिनिअरिंग मला कळत नाही, पण गुणाकार कळतो. तासाला 3,600 सेकंद धरले तर हे दीडशे कोटी घनफुटांच्या वर जातं. आजच्या वर्तमानपत्री भाषेत तासाला दीड टीएमसी.

आता त्यांनी सुचवलेला उपाय. नदीला शहरात भिंती घालून कोंडायचं नाही, वरच अडवायचं. मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरातून येते आणि शहराच्या वर, सध्याच्या बापू घाटापाशी, तिला ईसी मिळते. संगमाच्या वर दोन्ही नद्यांवर एकेक धरण बांधावं. मुसीवरचं शहरापासून साडेआठ मैलांवर, ईसीवरचं साडेसहा मैलांवर. मुसीवरचं काम 1913 ला सुरू झालं आणि 1920 ला पुरं झालं. तोवर सातवे निजाम उस्मान अली खान गादीवर आले होते, म्हणून उस्मान सागर. आपण त्याला गंडीपेट म्हणतो. ईसीवरचा हिमायत सागर 1927 चा. धरणाची कल्पना विश्वेश्वरय्यांची खरी, पण पुढची वर्षं धूळ खात, चुन्याच्या राशी मोजत काम उभं करणारे इंजिनिअर निजामाच्या खात्याचे होते. त्यांपैकी नवाब अली नवाज जंग यांचं नाव तरी लक्षात ठेवावं. तेलंगणात 11 जुलैला, त्यांच्या जन्मदिवशी, इंजिनिअर दिन पाळतात.

दोन्ही तलावांची आज सांगितली जाणारी पूर्ण पातळीची साठवण अशी: उस्मान सागर 3.9 टीएमसी, हिमायत सागर 2.97. बेरीज 6.87. तासाला दीड टीएमसीनं भागून बघा. दोन्ही तलाव अगदी कोरडे ठणठणीत असते, तरी 1908 चा पूर ऐन जोरात असताना साडेचार तासांत भरले असते. मूळ योजनेत या पातळीच्या वर पुरासाठी वेगळी जागा धरली होती, तीही मोजली तर आणखी काही तास. म्हणजे सगळा पूर पोटात घालायचा हा बेतच नव्हता. ऐन शिखराचे जे काही तास असतात, तेवढ्यांचं पाणी थोपवायचं आणि नंतर दरवाजांतून नदीला सोसेल तसं सोडायचं. पाणी तेवढंच जातं, फक्त एकदम न जाता जरा सावकाश जातं. पूल वाहून जाणं आणि पुलाखालून पाणी जाणं, यातला फरक तेवढाच.

पण तलाव आधीच काठोकाठ असेल तर? मग साडेचार तास सोडा, साडेचार मिनिटंही मिळत नाहीत. आलेलं पाणी आल्या पावली पुढे. पुराच्या धरणात कामाची असते ती रिकामी जागा. बँकेत माझी निम्मी हयात हे समजावण्यात गेली. ठेवींपैकी काही रक्कम हात न लावता बाजूला राहते, तेव्हा दर नवा माणूस विचारतो, एवढा पैसा नुसता पडून का? पडून असतो म्हणूनच रांग लागली की काउंटर चालू राहतो.

अडचण अशी की या तलावांना दुसरंही काम दिलेलं होतं, शहराला पाणी पाजायचं. तेही त्यांनी उत्तम केलं. गंडीपेटचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं, पाटातून आसिफनगरच्या फिल्टरपर्यंत येतं. "गंडीपेट का पानी पिया, वो हैदराबाद छोड़ के नहीं जाता" हे तर इथलं वाक्यच आहे, आणि आपल्यासारख्या पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांकडे पाहिलं तर खोटंही नाही! पण पिण्याच्या पाण्यासाठी तलाव भरलेला हवा आणि पुरासाठी रिकामा. ही ओढाताण पहिल्या दिवसापासून आहे. दरवाजे कधी आणि किती उघडायचे, यावरच सगळा खेळ.

पुढे मांजरा, नागार्जुनसागर, गोदावरी असं लांबचं पाणी शहरात आलं, आणि गंडीपेटकडे लोक सहलीची जागा म्हणून बघायला लागले. 1996 साली तलावांच्या भोवती 10 किलोमीटरपर्यंत, 84 गावांत, मोठ्या बांधकामांना आणि कारखान्यांना मनाई करणारा 111 क्रमांकाचा सरकारी हुकूम निघाला. 2000 साली एका कारखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तलावांच्या बाजूनं निकाल दिला. 2022 मध्ये ती बंधनं उठवणारा 69 क्रमांकाचा हुकूम निघाला. कारण असं सांगितलं गेलं की शहर आता या पाण्यावर अवलंबून नाही. ते खरं आहे. पण हे कारण फक्त दुसऱ्या कामाला लागू पडतं. पहिलं काम पाणी पाजायचं नव्हतंच, आणि त्यातून कोणी त्यांना मोकळं केलेलं नाही. भोवताली फरशी आणि डांबर झालं की तोच पाऊस तलावात जास्त घाईनं येतो. शिवाय काठावर घरं झाली की पाणी वर चढू देणंही अवघड.

ऑक्टोबर 2020 चा पाऊस बऱ्याच जणांनी पाहिला असेल. हिमायत सागरचे दरवाजे उघडावे लागले. पण जास्त घात केला तो लहान तलावांनी. गगन पहाडजवळचा अप्पा चेरुवू फुटला आणि बंगळूरचा हायवे तुटला. मग पल्ले चेरुवू, मग गुर्रम चेरुवू. टीव्हीवर ती नावं एकामागून एक येत होती आणि मला 221 चा आकडा आठवत होता. 2025 च्या सप्टेंबरात दोन्ही सागरांतून पाणी सोडलं, तेव्हा मुसी महात्मा गांधी बसस्थानकात शिरली. सामान डोक्यावर घेऊन प्रवासी बाहेर आले. बसस्थानक नदीच्या पात्रातल्या बेटावर बांधलेलं आहे, तेव्हा नदी तिथे आली यात नवल नाही. तारीख तेवढी बघा, 26-27 सप्टेंबर.

कधी अफझलगंजकडे गेलात तर उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातलं ते चिंचेचं झाड पाहून या. दरवर्षी 28 सप्टेंबरला तिथे थोडी माणसं जमतात. झाडापाशी उभं राहून नदीकडे तोंड केलंत तर पात्र बरंच खाली दिसतं. एकशे पन्नास माणसं त्या झाडावर चढली होती, तेव्हा पाणी कुठवर आलं असेल ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.