अधिवासखंडन व माकडांच्या छोट्या टोळ्या

रस्ते, वसाहती, खाणी वा लागवडीमुळे सलग जंगलाचे सुटे तुकडे पडणे म्हणजे अधिवासखंडन. अशा तुकड्यांत अडकलेल्या माकडांच्या प्रकृतीवर आणि आनुवंशिक विविधतेवर त्याचा परिणाम होतो.

पनवेल परिसराचे उदाहरण : कर्नाळा पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८, विस्तारानंतर क्षेत्र सुमारे १२ चौ. किमी.) पनवेल–पेण पट्ट्यात असून मुंबई–गोवा महामार्ग त्यातूनच जातो. कोकणात टोपी माकड आणि काळतोंडे वानर आढळतात.

आनुवंशिकी : माद्या बहुधा जन्मटोळीतच राहतात, वयात आलेले नर टोळी सोडतात. टोळ्याटोळ्यांत जनुके पोहोचतात ती मुख्यतः या नरांमुळे. त्यांची वाट तुटली की विविधता घटते, निकट नात्यांत संकर वाढतो आणि अप्रकट दोष उघड होतात. डोकी मोजून याचा अंदाज येत नाही. पाच नर व पाच माद्यांचा प्रजननक्षम गट दहाचाच धरतात. पण एक नर व नऊ माद्या असतील, तर प्रजननातील प्रभावी संख्येच्या गणिताने तो ३.६ इतकाच भरतो आणि दर पिढीला सुमारे १४ टक्के विविधता गमावतो. वानरांत एकनर टोळ्या नेहमीच्या असल्याने बाहेरून नर न आल्यास त्यांना हा धोका अधिक. त्यामुळे रस्त्याकडेला माकडे पुष्कळ दिसतात यावरून जंगल सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष काढणे चूक होय. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडूनच येत असल्याने नरांचे स्थलांतर तपासण्यास केंद्रकीय डीएनए लागतो.

आरोग्य : अन्नमलई टेकड्यांतील तुकड्यांत माणसांच्या वावराबरोबर सिंहपुच्छ माकडांतील परजीवींचा भार वाढलेला आढळला (२०१३). माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात सापडला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. टोपी माकडे व वानरे या रोगाने मरतात. मेलेल्या माकडावरच्या, हा विषाणू वाहणाऱ्या गोचिडी खाली उतरून पाचोळ्यात नवा यजमान शोधतात, म्हणून ती जागा काजू वेचणाऱ्यांना धोक्याची ठरते. जंगल आणि लागवडीच्या सरमिसळीत हा संपर्क वाढतो.

इतर जातींचा दबाव : तापीच्या उत्तरेकडील ऱ्हीसस माकडे दक्षिणेकडे पसरत असून टोपी माकडांची जागा घेत आहेत.

उपाय : तमिळनाडूत वाल्पाराई येथे सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून झाडे जोडणारे पूल बांधले आहेत, सर्रास जमिनीवर उतरणाऱ्या टोपी माकडांना मात्र वाहनांची वेगमर्यादा अधिक उपयोगी.