गिरणी, चूल आणि बाळगोळी : १९२२ सालची एक पाहणी आणि तिचे पडसाद

१/ नोकरी आणि घर यांचा तोल कसा साधावा, हा प्रश्न आजच्या कार्यालयांतून जन्माला आला, असा अनेकांचा समज असतो. मुंबईत मात्र या प्रश्नाची पद्धतशीर पाहणी शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. तिचा विषय होता कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणे. त्या पाहणीची आणि तिच्यामागून आलेल्या कायद्याची ही हकिगत.

२/ १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती. बहुतेक स्त्रिया सूत गुंडाळण्याच्या आणि सुताच्या लडी करण्याच्या खात्यांत असत. तेथे मजुरी कामाच्या मापावर मिळे. त्यामुळे घरची भाकरी थापून थोडे उशिरा यावे, सायंकाळी थोडे लवकर निघावे, अशी मोकळीक काही प्रमाणात चाले. तिची किंमत अर्थातच मजुरीतून वजा होई.

३/ कामगारांच्या विश्रांतीचा लढा त्याहून जुना. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने महालक्ष्मी येथे सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली.

४/ हे तास गिरणीच्या दारापर्यंतचे होते. पहाटेचे पाणी, चूल, धुणीभांडी आणि लेकरे यांचे तास कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. रविवारची सुट्टी गिरणीला होती, चुलीला नव्हती.

५/ १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे उपस्थित होते. परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा करार संमत केला. भारत सरकारला मात्र आधी या विषयाचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. मुंबई सरकारने हे काम एका स्त्री डॉक्टरकडे सोपवले. त्यांचे नाव डॉ. बार्न्स. त्यांचा अंतिम अहवाल सप्टेंबर १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ त्या अहवालातील एक आकडा आजही थरकाप उडवतो. कामगार स्त्रियांच्या शंभरपैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. बाजारात मिळणाऱ्या ‘बाळगोळी’त अफू असे. गोळी दिली की मूल तासन्‌तास निपचित पडून राही.

७/ या आकड्याकडे केवळ अडाणीपणाचा पुरावा म्हणून पाहणे सोपे होते. त्यामागचा हिशेब मात्र स्वच्छ होता. आई गिरणीत, बाप गिरणीत, सासू किंवा नणंद दूर गावी. खोलीत मूल सांभाळायला कोणी नाही आणि एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडणार. पाळणाघराचे काम बाळगोळी करत होती. घर आणि नोकरी यांच्यातला तोल साधला जात होता, पण तो तान्ह्या जिवाच्या प्रकृतीवर.

८/ १९२४ साली जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले; ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात आर. एस. आसवले यांनी तसेच विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला.

९/ आंबेडकरांची मांडणी मुळाशी जाणारी होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून त्यालाही जबाबदारीतून मोकळे सोडता येणार नाही, असे त्यांनी बजावले.

१०/ १९२९ साली मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे दिवसाला ८ आणे मिळू लागले. बाळंतपणानंतर ४ आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास बंदी झाली. हा मोठाच विजय होता. पण सगळा भार एकट्या मालकावर पडला. सरकारचा वाटा कागदावर उतरलाच नाही.

११/ पुढे काय झाले? मंदी आली, नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या वाढल्या. आणि रात्रपाळीत स्त्रियांना मनाई होती. त्यात प्रसूती लाभाचा आणि पाळणाघराचा खर्च. स्त्रीला कामावर ठेवणे मालकाला महाग वाटू लागले. उशिरा येण्याची जुनी मोकळीकही शिस्तीच्या नावाखाली आक्रसत गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण दहात एकीच्या आसपास आले. एकट्या कायद्याला याचा दोष देता येत नाही. पण जिच्या रक्षणासाठी तो झाला, तिच्यासाठी गिरणीचे दार अरुंद होत गेले, हेही खरे.

१२/ १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने प्रसूती लाभाचा भार विम्याच्या सामाईक निधीवर टाकला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने, विम्याच्या कक्षेबाहेरच्या आस्थापनांत, तो पुन्हा मालकाकडे दिला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पगार मात्र मालकानेच द्यायचा.

१३/ डॉ. बार्न्स यांच्या पाहणीने आईच्या दोन पाळ्यांची किंमत कोण मोजते, ते दाखवून दिले : तान्हे मूल. ती किंमत कोणी मोजावी, हे १९२८ च्या भाषणाने सांगितले. पहिल्या उत्तरापासून आपण बरेच पुढे आलो आहोत. दुसऱ्या उत्तराकडे जाण्याची वाट अजून अर्धीच चालून झाली आहे.