गिरणीच्या फाटकाबाहेर

१६ एप्रिल १९२१. रामनवमीचा दिवस. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी पेट्यात हजाराच्या वर मावळे धरणाच्या जागेवर जमले आणि खणकाम चालले होते तिथेच ठिय्या देऊन बसले. त्यांत बायका होत्या, पोरेही होती. कुदळी-फावडी थांबली. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळचे हे खोरे आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेले. धरण झाले की पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे ११ हजार माणसांची घरेदारे पाण्याखाली जाणार होती.

धरण बांधणारी कंपनी टाटांची होती. या गोष्टीतला खरा पेच इथेच आहे. कामगारांच्या भल्याचा विचार करणारे कारखानदार म्हणून त्या काळी हिंदुस्थानात ज्यांचे नाव आधी घेतले जाई, त्यांच्याच दारात हे भांडण आले होते.

मुळशीच्या आधी ४४ वर्षे, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूरला जाणे अनेकांना वेडेपणा वाटला होता. पण कापूस तिथे हाताशी होता आणि चांद्याकडचा कोळसाही लांब नव्हता. गिरणीचा कारभार बेझनजी मेहता पाहत. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई मिळू लागली. अशा भरपाईचा कायदा देशात झाला तो १९२३ मध्ये. टाटांच्याच पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, तोही कायद्याच्या कितीतरी आधी.

मुंबईतल्या बहुतेक गिरण्यांची तऱ्हा वेगळी होती. तिथे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि जखमी झालेल्याला काही आधार. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडावा लागला. नागपुरात मालकाने आपणहून जे दिले, त्याच्याशी मिळतेजुळते काही मुंबईत कामगारांना सह्यांचे गठ्ठे घेऊन मागावे लागले.

मुंबईच्या गिरण्या लांबून आणलेल्या कोळशावर चालत. धुराचा त्रास इतका वाढला की १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यावरचा मोठा उतारा मात्र सह्याद्रीत सापडला. घाटमाथ्यावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी तलावांत साठवायचे, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे आणि त्या वेगावर वीज काढायची. डेव्हिड गॉसलिंग यांनी ही कल्पना मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. १९०४ मध्ये ते गेले. त्यांच्या मुलांनी १९१० साली कंपनी उभी केली आणि १९१५ मध्ये घाटाखालच्या खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. साचे फिरवायला आता आपल्याच डोंगरातले पाणी होते, ना कोळसा ना धूर. आजच्या भाषेत या विजेला हरित ऊर्जाच म्हणावे लागेल.

लोणावळ्याकडच्या या तलावांनंतर आंध्रा खोऱ्यात धरण झाले आणि मग मुळशीची पाळी आली. मालकांची वही गिरणीच्या फाटकाशी संपत होती, हे इथे उघड झाले. फाटकाच्या आत राबणाऱ्याचा अपघात, म्हातारपण, कामाचे तास यांची नोंद त्या वहीत होती. पण ज्याच्या खाचरावरून ती वीज येणार होती, तो मावळा तिच्यात कुठेच नव्हता. रीतसर सांगणे-विचारणे न करता शेतांत चर खणले गेले. विरोध सुरू झाल्यावर सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला.

लढ्याचे पुढारीपण पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याकडे आले. ‘सेनापती’ हे बिरुद बापटांना मिळाले ते इथेच. पहिल्या ठिय्यानंतर काम काही महिने थांबले, मग पुन्हा सुरू झाले. सत्याग्रही धरपकडीला सामोरे गेले आणि बायकाही तुरुंगात गेल्या.

या लढ्याला आतूनही एक तडा होता. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यांतले कितीतरी पुण्यात राहत. कागदावर मालक तेच असल्यामुळे मोबदलाही त्यांनाच मिळणार होता आणि चांगला भाव आला तर त्यांना तो नको नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणाऱ्या कुळाच्या हाती मात्र काहीच पडणार नव्हते. कंपनीने पैसे मोजले, ही गोष्ट खरी आहे. पण ते कोणाला मोजले, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही आणि सरकारनेही विचारायला लावला नाही.

१९२४ पर्यंत सत्याग्रह ओसरला. बापटांनी शेवटी धरणाच्या कामगारांची गाडी अडवण्यापर्यंत मजल मारली आणि सात वर्षांची सजा भोगली. धरण पुरे झाले, १९२७ मध्ये त्याच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर चालू झाले आणि खोऱ्यातली माणसे पांगली.

हरलेल्या या लढ्यातला प्रश्न पुढे महाराष्ट्रात कोयनेपासून एकेका धरणावर पुन्हा उभा राहिला. १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिलेच राज्य. २०१३ मध्ये तर संसदेत एकाच वर्षी दोन कायदे झाले. नव्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. शाळा, दवाखाने, झाडे लावणे असली कामे त्यातून होतात आणि त्यांची छायाचित्रे वार्षिक अहवालात छान दिसतात. हा नफा हाती आल्यानंतरचा खर्च आहे.

दुसऱ्या कायद्याचा विषय नफ्याच्या आधीचा. खासगी कंपनीसाठी सरकार जमीन संपादित करणार असेल, तर समाजावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास आधी व्हायला हवा आणि ज्यांची जमीन जाणार त्या बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, असे तो सांगतो. बाधितांच्या व्याख्येत सातबाऱ्यावरच्या मालकाबरोबर त्या जमिनीवर पोट असलेली कुळे आणि शेतमजूरही येतात. ज्या कुळाचे नाव मुळशीत कोणत्याच वहीत नव्हते, ते देशाच्या भूसंपादन कायद्यात बाधित म्हणून यायला ९२ वर्षे लागली. त्याच्या खाचरांवर अजून तलाव आहे आणि त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते.