चित्रपटाला दिलेलं दहा वर्षांचं उत्तर

पुस्तकावरून चित्रपट निघाला की आपण लगेच हिशेब तपासायला बसतो: काय गाळलं, काय बदललं, मूळ कथेशी इमान राखलं की नाही. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या 'नाउशिका'चाही असाच निवाडा वर्षानुवर्षं होत आला आहे. एकीकडे सात खंडांची, हजारावर पानांची मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा. दुसरीकडे जेमतेम दोन तासांचा चित्रपट. निकाल कुणाच्या बाजूने लागणार हे वेगळं सांगायला नको. पण हा निवाडा तारखांकडे बघत नाही. मंगा 'अ‍ॅनिमेज' मासिकाच्या फेब्रुवारी १९८२च्या अंकात सुरू झाली आणि मार्च १९९४च्या अंकात संपली. चित्रपट जपानमध्ये लागला ११ मार्च १९८४ रोजी, तेव्हा मंगा पुरती रंगातही आली नव्हती. चित्रपटातली कथा साधारण पहिल्या दोन खंडांची आहे. ज्याला आपण 'मूळ' म्हणतो त्याचा बहुतेक भाग चित्रपटानंतर काढलेला आहे. म्हणून ही मंगा चित्रपटाची जननी कमी आणि त्याची टीकाकार जास्त आहे, असं माझं मत.

ती जन्माला आली तीही धंद्यातल्या एका रिवाजापायी. तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेने १९७८ मध्ये 'अ‍ॅनिमेज' सुरू केलं. तिथले संपादक तोशिओ सुझुकी यांनी मियाझाकींच्या चित्रपटकल्पना संस्थेपुढे ठेवल्या, पण त्या नाकारल्या गेल्या, कारण त्यांच्यामागे आधी खपलेली मंगा नव्हती. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये पैसा लावणारे वाचकांनी आधीच पसंत केलेल्या कथेवर विसंबत. कोऱ्या कल्पनेवर कोण पैसे लावणार? तेव्हा मंगाच काढायची असं ठरलं. गंमत अशी, की चित्रपटासाठी लागणाऱ्या दाखल्यापायी सुरू झालेलं हे काम मियाझाकींनी मात्र पडद्यावर मावणारच नाही अशा बेताने हाती घेतलं. ते लोकप्रिय झालं आणि चित्रपटाची मागणी आली, तेव्हा दिग्दर्शन स्वतः करण्याच्या अटीवर ते तयार झाले. निर्माते म्हणून इसाओ ताकाहाता आले. या दोघांचा स्टुडिओ घिबली अजून स्थापन व्हायचा होता, त्यामुळे काम टॉपक्राफ्ट या स्टुडिओत झालं.

दोन्हींची खरी ताटातूट शेवटाशी होते. चित्रपटात चवताळलेल्या ओमू या महाकाय कीटकांच्या कळपासमोर कथेची नायिका नाउशिका उभी राहते, मरते, आणि त्याच कीटकांच्या सोनेरी तंतूंवर पुन्हा जिवंत होते. निळ्या वस्त्रातल्या तारणहाराचं भाकीत खरं ठरतं. मंगात याच्याशी मिळताजुळता प्रसंग आहे, पण तिथे ती मरून उठत नाही. सुझुकींनी पुढे सांगितलेली हकीगत अशी, की मियाझाकींच्या आराखड्यात ती कळपासमोर उतरते तिथेच चित्रपट संपत होता. मरण आणि पुनरुज्जीवन ही ताकाहाता आणि सुझुकींची सूचना, मुदत डोक्यावर असताना स्वीकारलेली. पुढे मियाझाकींना हा धार्मिक थाटाचा शेवट खुपत राहिला. ताकाहातांनीही दिग्दर्शकाचा मित्र या नात्याने चित्रपटाला १०० पैकी ३० गुण दिले. निर्मात्याने स्वतःच्याच यशस्वी चित्रपटाबद्दल इतकं उघड बोलणं आपल्याकडे सहसा ऐकू येत नाही.

मंगाचा बहुतेक भाग चित्रपटानंतरचा आहे या म्हणण्यावर जाणकार आक्षेप घेतील, की युद्धातलं दोरोक साम्राज्य, सेनानी कुशानाचे कपटी भाऊ हे सारं चित्रपटाआधीच मंगात आलं होतं. म्हणजे चित्रपटाने गाळागाळ केलीच. ती केली, हे खरं. युद्ध आटोपशीर झालं आणि कुशाना ही गुंतागुंतीची सेनानी बरीचशी आक्रमक शत्रू होऊन बसली. पण कथेच्या गाभ्याबद्दल १९८४ पर्यंत दोन्हींचं एकमत होतं: माणसाची जमीन गिळत चाललेलं विषारी अरण्य हे निसर्गाचं औषध आहे, मुळांखाली माती आणि पाणी शुद्ध होत आहे, माणसाने धीर धरावा. हा दिलासा मंगाने नंतर स्वतःच मोडीत काढला. ते अरण्य प्राचीन माणसांनीच मुद्दाम घडवलेलं होतं. आताची माणसंही विषारी हवेत तगावीत म्हणून बदललेली आहेत. हवा पूर्ण शुद्ध झाली तर तीच त्यांना मारेल. शुवाच्या भुयारात भविष्यासाठी राखलेल्या शांतताप्रिय नव्या मानवांची अंडी असतात. नाउशिका प्राचीन काळच्या एका महाकाय योद्ध्याकरवी ते भुयार, अंड्यांसकट, उद्ध्वस्त करते आणि हे सत्य आपल्या लोकांपासून लपवून ठेवते. पडद्यावरच्या तारणहाराचं मंगात हे झालं. हा केवळ विस्तार नव्हे. लेखकाने स्वतःच्याच जुन्या उत्तराला दिलेला नकार आहे.

मग चित्रपट म्हणजे बाजारासाठी गोड केलेली आवृत्ती का? तसं म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं. १९८४ च्या मियाझाकींचा त्या अरण्यावर विश्वास होता. मंगाची तेव्हाची पानंच साक्षीला आहेत. तो विश्वास पुढच्या दहा वर्षांत ढळला. एकेकाळी तोएई स्टुडिओच्या कामगार संघटनेत पुढारपण केलेल्या या माणसाने मंगा संपवता संपवता मार्क्सवाद सोडल्याचं स्वतः सांगितलं आहे, आणि युगोस्लाव्हियातल्या युद्धाने आपल्याला हादरवल्याचंही. प्रत्येक चित्रपटासाठी मंगा थांबायची आणि एक ते तीन वर्षांनी जास्त काळवंडून परतायची. मधल्या काळात त्यांच्या हातून 'टोटोरो'सारखा निर्मळ चित्रपटही झाला. माझ्या मते मंगाचा शेवट विचार म्हणून श्रेष्ठ आहे, पण सातव्या खंडात तो समजावून सांगताना पात्रं भाषणं देऊ लागतात. चित्रपटात असं सहसा होत नाही. अरण्याच्या तळाशी शुद्ध वाळू झिरपते, ती दिसते आणि कळते.

ज्यांना 'नाउशिका' नव्याने वाचायची आहे त्यांनी पहिले दोन खंड वाचून थांबावं, चित्रपट पाहावा, आणि मगच उरलेले पाच खंड उघडावेत.