चिलखत पुन्हा घडते तेव्हा...
मध्ययुगीन शस्त्रास्त्रांच्या प्रतिकृतींमागील संशोधनाचा मागोवा

- विशेष प्रतिनिधी

बाल्टिक समुद्रातील गोटलँड या स्वीडिश बेटावर विस्बी नावाचे जुने तटबंदीचे शहर आहे. १९८४पासून दरवर्षी ऑगस्ट महिन्यात येथे 'मध्ययुग सप्ताह' साजरा होतो. शहराच्या दगडी गल्ल्यांतून चौदाव्या शतकातील पोशाखातली माणसे हिंडतात, लोहारांच्या ऐरणी वाजू लागतात आणि चिलखते चढवलेले हौशी योद्धे एकमेकांसमोर उभे ठाकतात. युरोपात आणि अमेरिकेत 'री-एनॅक्टमेंट' या नावाने रुजलेल्या या छंदाला आपण इतिहासाचा पुनराविष्कार म्हणू शकतो. वरवर पाहता हा जत्रेचाच एक प्रकार. परंतु त्यातील एखादे चिलखत हातात घेऊन 'हे असेच होते कशावरून?' असा प्रश्न विचारला, की उत्तर विस्बीच्याच तटाबाहेरील एका सामूहिक दफनभूमीपाशी नेऊन पोहोचवते.

तटाबाहेरची लढाई

२७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या सैन्याने विस्बीच्या तटाबाहेर गोटलँडच्या शेतकऱ्यांचा पराभव केला. एका बाजूला युद्ध हाच व्यवसाय असलेले सैनिक, तर दुसऱ्या बाजूला घरातले होते नव्हते ते चिलखत अंगावर चढवून आलेले ग्रामस्थ. मृतांचा आकडा सुमारे १,८०० असल्याचे मानले जाते. लढाई चालू असताना शहराचे दरवाजे बंदच राहिले, असे सांगितले जाते. त्यानंतर लवकरच शहराने राजापुढे शरणागती पत्करली.

त्या काळी रणांगणावरील प्रेतांच्या अंगावरचे लोखंड काढून घेण्याची रीतच होती, कारण चिलखत ही मोलाची वस्तू होती. विस्बी येथे मात्र अनेक मृतदेह चिलखतासह पुरले गेले. भर उन्हाळा आणि प्रेतांची प्रचंड संख्या यांमुळे ती काढण्याआधीच कुजू लागली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एका शोकांतिकेने अशा रीतीने भावी इतिहासकारांसाठी अमोल ठेवा राखून ठेवला.

१९०५ ते १९३० या काळात टप्प्याटप्प्याने येथे उत्खनन झाले. सुमारे १,१८५ माणसांचे अवशेष हाती आले. त्यांत कोवळ्या वयाची मुले होती, वृद्ध होते, जन्मभर अपंगत्व सोसलेली माणसेही होती. काही कवट्या कड्यांच्या जाळीदार टोपीसकट सापडल्या. त्यांची छायाचित्रे आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात. पुरातत्त्वज्ञ बेंग्ट थॉर्डेमन यांनी या शोधावरील ग्रंथ १९३९मध्ये प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. आजही चौदाव्या शतकातील चिलखत घडवू पाहणाऱ्यासाठी तो आधारग्रंथ मानला जातो.

रिव्हेटांची भाषा

विस्बीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तेथे सापडलेली सुमारे पंचवीस पट्ट्यांची चिलखते. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या अंगरख्याला आतून लोखंडी पट्ट्या रिव्हेटांनी ठोकून ही चिलखते तयार होत. बाहेरून केवळ रिव्हेटांच्या डोक्यांच्या ओळी दिसत. चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी या ओळी पूर्वीच दाखवल्या होत्या, परंतु आत नेमके काय दडले आहे, हे त्यावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

जमिनीत चामडे आणि कापड कुजून गेले, लोखंड मात्र गंजलेल्या अवस्थेत जागच्या जागी राहिले. प्रत्येक पट्टीवरील रिव्हेटांची जागा, त्यांची लांबी आणि पट्ट्यांचा परस्परांशी असलेला क्रम यांवरून नाहीशा झालेल्या अंगरख्याचा आकार काढता आला. रिव्हेटाचे डोके आणि पट्टी यांमधील अंतर मोजले, की मधल्या चामड्याची जाडी समजते. काही चिलखते डोक्यातून घालून पाठीमागे बांधली जात, हेही या मांडणीवरूनच स्पष्ट झाले. काहींत थोड्या पण मोठ्या पट्ट्या होत्या, तर काहींत शेकडो अरुंद पट्ट्या. थॉर्डेमन यांनी त्यांचे सहा प्रकार पाडले. आज पुनराविष्कार करणारे हौशी कारागीर याच वर्गीकरणाच्या भाषेत बोलतात.

हाडांनीही साक्ष दिली. तलवारी आणि कुऱ्हाडींच्या घावांच्या खुणा गुडघ्याखालील हाडांवर मोठ्या प्रमाणात आढळल्या. छाती झाकलेली, डोक्यावर काहीतरी संरक्षण, हातात ढाल. पण पाय उघडे. कोणत्या माणसाकडे काय नव्हते, हेही चिलखताचे संशोधन सांगत असते, ते असे.

पुराव्याचे तीन पाय

विस्बीसारखे भाग्य क्वचितच लाभते. एरवी संशोधकाला तीन प्रकारच्या पुराव्यांवर विसंबावे लागते, आणि तिन्हींत काही ना काही उणीव असते.

पहिला पुरावा प्रत्यक्ष वस्तूंचा. इटलीच्या दक्षिण टिरोल भागातील चुरबुर्ग किल्ल्यात चौदाव्या शतकापासूनची चिलखते जतन केलेली आहेत. इंग्लंडच्या कँटरबरी कॅथीड्रलमध्ये १३७६ साली मृत्यू पावलेल्या 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्डचे शिरस्त्राण, हातमोजे, ढाल आणि अंगरखा जपून ठेवला आहे. त्याच्या थडग्यावर आता या वस्तूंच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. मात्र जे टिकले ते बहुतांशी राजेरजवाड्यांचे. सामान्य शिपायाचे लोखंड वितळून त्याचे नांगर आणि खिळे झाले. शिवाय एकोणिसाव्या शतकात मध्ययुगाचे वेड वाढले, तेव्हा बाजारात नकली आणि तुकडे जोडून केलेल्या चिलखतांचा सुळसुळाट झाला. १८३९ साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन येथे उमरावांनी मध्ययुगीन द्वंद्वांचा सोहळा भरवला. मुसळधार पावसाने त्याचा पार विचका केला, तरी हौस ओसरली नाही. त्या पिढीने जुन्या वस्तूंवर केलेली 'दुरुस्ती' ओळखणे, हे आजच्या संग्रहालयांपुढील एक कामच होऊन बसले आहे.

दुसरा पुरावा चित्रांचा आणि शिल्पांचा. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातील तेराव्या शतकाच्या मध्याचे सचित्र बायबल याचे उत्तम उदाहरण. चित्रकाराने बायबलमधील राजांना स्वतःच्याच काळातील फ्रेंच सरदारांची चिलखते घातली. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक. पण तीच आज आपल्या उपयोगी पडते. हीच पोथी पुढे इराणच्या शाह अब्बासला भेट गेली आणि तिच्या समासांत फारसी नोंदी झाल्या. थडग्यांवरील दगडी आणि पितळी प्रतिमांतही बारकावे अचूक असतात. परंतु प्रतिमा कोणत्या वर्षी घडवली, मृत्यूच्या आधी की नंतर, हे पाहिल्याशिवाय तिचा आधार घेता येत नाही.

तिसरा पुरावा कागदपत्रांचा : मृत्युपत्रे, शस्त्रागारांच्या याद्या, हिशेबाच्या वह्या. यांतून वस्तूंची नावे आणि किमती कळतात. पण त्या नावाची वस्तू दिसत कशी होती, हे कळेलच असे नाही.

म्हणूनच जाणकार मंडळी एक नियम पाळतात. ज्याची प्रतिकृती करायची ती वस्तू, तिचे चित्र आणि तिचा लेखी उल्लेख, हे तिन्ही एकाच प्रदेशाचे आणि एकाच पिढीचे असावेत. इटलीचे शिरस्त्राण, इंग्लंडची ढाल आणि पन्नास वर्षांनंतरची तलवार एकत्र केली, तर प्रत्येक वस्तू खरी असूनही माणूस खोटाच उभा राहतो.

तलवार : वजनापेक्षा तोल

मध्ययुगीन तलवारी दहा-पंधरा किलोच्या असत, हा समज चित्रपटांनी घट्ट केला आहे. प्रत्यक्षात एका हाताने चालवायच्या युरोपीय तलवारीचे वजन साधारणपणे एक ते दीड किलो भरते. इंग्रज अभ्यासक इवर्ट ओकशॉट यांनी मध्ययुगीन तलवारींचे पात्याच्या आकारानुसार केलेले वर्गीकरण आजही सर्वत्र वापरले जाते.

प्रतिकृती फसते ती बहुधा पात्याच्या जाडीत. अस्सल पाते मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते. त्यामुळे तोल हाताजवळ राहतो. एकसारख्या जाडीच्या पट्टीतून कापलेली तलवार छायाचित्रात हुबेहूब दिसते, पण हातात घेताच ती पहारीसारखी जड वाटते. म्हणून संग्रहालयात जाऊन केवळ लांबी-रुंदी नव्हे, तर दर काही सेंटिमीटरवर पात्याची जाडी टिपून आणणारा कारागीरच खरी तलवार घडवू शकतो.

धातूचा प्रश्न वेगळाच आहे. मध्ययुगीन लोखंडात मळीचे कण असत आणि कार्बनचे प्रमाण जागोजागी बदलत असे. धातुशास्त्राचे अभ्यासक अॅलन विल्यम्स यांनी जुन्या चिलखतांच्या धातूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून २००३मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. काही चिलखते उत्तम पाणी दिलेल्या पोलादाची, तर अनेक साध्या मऊ लोखंडाची होती, हे त्यातून दिसते. आजचे कारखान्यातील पोलाद या दोहोंपेक्षा अधिक एकजिनसी असते. म्हणजे आकाराने अचूक असलेली प्रतिकृतीही ताकदीच्या बाबतीत मूळ वस्तूची साक्ष देऊ शकत नाही.

कडी, कापूस आणि देहरादून

जाळीदार चिलखताच्या एका अंगरख्यात वीस-तीस हजार कड्या सहज असतात. प्रत्येक कडी चार कड्यांत गुंतवलेली आणि तिची टोके चपटी करून बारीक रिव्हेटाने बंद केलेली. स्वस्त प्रतिकृतीत कडीची टोके केवळ एकमेकांना टेकवलेली असतात. ती लांबून शोभून दिसते. पण टोकदार शस्त्राच्या आघाताने उघडते.

रिव्हेटांच्या कड्यांची चिलखते भारतातही शतकानुशतके वापरात होती आणि मराठी वाचकाला 'बख्तर' हा शब्द परका नाही. आज युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींच्या अंगावरील बरीच चिलखते भारतीय कारखान्यांतून जातात. देहरादून हे तलवारी आणि चिलखतांच्या निर्यातीचे जगाला परिचित असलेले केंद्र आहे. एके काळी युरोपीय पाती समुद्रमार्गे येथे येत आणि त्यांना देशी मूठ बसवून मराठे त्यांना 'फिरंग' म्हणत. आता प्रवास उलट दिशेने होतो आहे.

चिलखताच्या आत कापूस भरून टाचलेला डगला असे. लोखंड धार अडवते. धक्का मात्र हा डगलाच शोषून घेतो. कापड टिकत नसल्याने अशा वस्त्रांचे अस्सल नमुने अगदी मोजके आहेत. फ्रान्समधील लिआँच्या वस्त्रसंग्रहालयातील, १३६४मध्ये मारला गेलेल्या शार्ल द ब्लुआ याचा मानला जाणारा डगला त्यांत अग्रगण्य आहे. त्याची बाही खांद्यापाशी अशी खोल बसवली आहे, की हात वर उचलला तरी कंबर ओढली जात नाही. शिंप्याचे हे कसब प्रत्यक्ष शिवून आणि घालून पाहिल्यावरच लक्षात येते.

प्रयोगशाळेतला शिपाई

घालून पाहण्याला शास्त्रीय मोलही आहे. २०११ साली लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पूर्ण पत्र्याच्या चिलखतांच्या प्रतिकृती घातलेल्या अनुभवी व्यक्तींना सरकत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा श्वास मोजला. चिलखतामुळे चालण्यास लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक झाली. तेवढेच वजन पाठीवर घेण्यापेक्षा हा भार मोठा ठरला, कारण पायांवरील लोखंड प्रत्येक पावलागणिक उचलावे लागते. छातीवरचे आवरण श्वासालाही मोकळीक देत नव्हते. तरीही सरदाराला घोड्यावर चढवण्यासाठी यारी लागे, ही केवळ दंतकथाच होय. नीट बेतलेल्या चिलखतात माणूस धावू शकतो आणि पडला तर स्वतः उठू शकतो.

सत्य की सुरक्षितता?

या छंदातील सर्वांत अवघड पेच मात्र संशोधनाचा नाही. बोथट तलवारही एक किलोहून जड पोलादी दांडाच असते. ती बोटे मोडू शकते, डोळा घेऊ शकते. म्हणून लढतीसाठीच्या पात्यांच्या कडा साधारण दोन मिलिमीटर जाड आणि टोके गोल ठेवली जातात. चेहऱ्यावर भोसकण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते. हात आणि डोके झाकणे सक्तीचे असते.

येथेच इतिहास आणि सुरक्षितता यांची टक्कर होते. १३६१च्या त्या ग्रामस्थाचे पाय उघडे होते आणि हातांवर पुरेसे संरक्षण असेलच असे नव्हते. त्याची भूमिका करणारा आजचा माणूस मात्र गुडघ्याला वाट्या आणि हातात पोलादी मोजे घालून उतरतो, आणि तसे त्याने उतरलेच पाहिजे. पण प्रेक्षकाला हे सांगितले नाही, तर तो ग्रामस्थ प्रत्यक्षात होता त्याहून सुसज्ज वाटू लागतो आणि त्याचा मृत्यू अकारण घडल्यासारखा भासतो. चांगले गट त्यामुळे दोन संच बाळगतात. एक लढतीसाठी, दुसरा दाखवण्यासाठी. त्यांतील फरक ते प्रेक्षकांना आपणहून समजावून सांगतात. आपल्याकडे शिवकालीन युद्धकलांची प्रात्यक्षिके करणाऱ्या मंडळांनाही हा पाठ उपयुक्त ठरावा.

प्रतिकृती पारखताना...

- वस्तू कोणत्या दशकातील, कोणत्या प्रदेशातील आणि कोणत्या दर्जाच्या माणसाची, हे आधी ठरवावे.
- मूळ वस्तूची प्रतिकृती करावी. दुसऱ्याच्या प्रतिकृतीची नव्हे. चुका नकलेबरोबर वाढत जातात.
- तलवारीचे वजन, तोलाचा बिंदू आणि पात्याची बदलती जाडी पाहावी.
- कड्या रिव्हेटांनी बंद केल्या आहेत का, हे तपासावे.
- आतील डगला आधी शिवावा. चिलखताचे माप त्यावरून घ्यावे.
- सुरक्षिततेसाठी केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवावा आणि विचारणाऱ्याला सांगावा.

विस्बीच्या तटाबाहेर त्या दफनभूमीवर एक दगडी क्रूस आजही उभा आहे. शहराच्या दरवाजासमोर डॅनिश सैन्याच्या हातून पडलेले गोटलँडचे लोक येथे पुरले आहेत, अशी नोंद त्यावर लॅटिन भाषेत कोरलेली आहे. त्यावर एकाही शेतकऱ्याचे नाव नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे काही कळले, ते गंजलेल्या पट्ट्यांनी आणि हाडांनी सांगितले. ऑगस्टमधील उत्सवात चिलखत चढवणाऱ्याने रिव्हेटांची ओळ जेथे होती तेथेच ठोकली, तर त्या निनावी माणसांची तेवढी तरी खूण खरी उरते.