ठाण्याची खाडी

साष्टी बेट व मुख्य भूमी यांच्या दरम्यानची खाडी. लांबी सु. २६ किमी. दक्षिणेस ती मुंबई बंदरात उघडते, तर उत्तर टोकास ठाण्याजवळ अरुंद फाट्याने उल्हास नदीच्या खाडीस मिळते. उल्हासची खाडी कल्याण, डोंबिवली, मुंब्रा या बाजूने येऊन घोडबंदरमार्गे वसईजवळ समुद्रास मिळते. दोन्ही खाड्या म्हणजे समुद्राने बुडविलेल्या दऱ्या असल्याने येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

भूविज्ञान : तळखडक दख्खनच्या बेसाल्टचा, सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. माथेरानच्या कड्यात हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते वाकून पश्चिमेकडे कलतात. हाच खडक समुद्राखाली उतरतो आणि त्यावर पुढच्या काळातील चुनखडक व गाळ यांचे थर साचलेले आहेत. मुंबईसमोर ही समुद्रबूड जमीन (भूखंडमंच) ३०० किमी.च्या आसपास रुंद आहे. कोचीकडे ती बरीच अरुंद होते.

सु. २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाच्या ऐन भरात समुद्रपातळी आजच्यापेक्षा सु. १२० मी. खाली होती. मुंबई हायचे तेलफलाट आज सु. ७५ मी. खोल पाण्यात उभे आहेत. तेथे तेव्हा कोरडी जमीन होती आणि उल्हासचे मुख कितीतरी पश्चिमेला होते. बर्फ वितळू लागल्यावर समुद्र टप्प्याटप्प्याने आत आला व सु. ६–७ हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावला. बाहेरच्या मंचावर ६५ ते १०० मी. खोलीवर चुनामय वाळूचे सपाट मैदान आहे. ही वाळू उथळ पाण्यात तयार झाली असल्याने ती आजच्या समुद्राची नव्हे, जुन्या किनाऱ्याची खूण ठरते. किनाऱ्यालगत मात्र नद्यांनी आणलेला चिखलच आहे.

या घडामोडीचा सर्वांत ठसठशीत पुरावा खाडीच्या मुखाशीच मिळाला. १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात निळ्या चिकणमातीखाली खैराची खोडे सापडली. कित्येक मुळांसह जागीच उभी होती. जुन्या लेखकांनी त्यावरून जमीन खचल्याचा निष्कर्ष काढला. तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही; पण समुद्र वर आला, ही बाजू त्यांच्या हिशेबात नव्हती.

खाडी आता गाळाने भरत आहे. उधाणाची भरती सु. ५ मी. चढते, तिच्याबरोबर आत आलेला बारीक चिखल ओहोटी पूर्णपणे परत नेत नाही. त्यावर तिवरांची खारफुटी वाढते आणि मुळांत आणखी गाळ अडकतो. भराव व पूल यांनीही प्रवाह मंदावतो.

इतिहास : पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरवर्णनात कल्याणचा (कल्लिएना) उल्लेख असून तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे म्हटले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने येथील पितळ, शिसवी लाकूड व कापडाची नोंद केली. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा आरंभ कल्याणच्या खाडीशी जोडला जातो. दुर्गाडी किल्ला खाडीकाठीच आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये ठाण्याचा किल्ला बांधण्यास घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. हल्ली तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी रेल्वे ठाण्यापर्यंत आली आणि १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. वाशीचा पूल १९७३ चा.

मिठागरे, मासेमारी व रेतीउपसा हे जुने व्यवसाय. पूर्व काठावर ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा आहे.

येथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये अभयारण्य घोषित (सु. १,६९० हेक्टर), २०२२ मध्ये रामसर यादीत समावेश. लोकसंख्या ठाणे शहर १८,४१,४८८, कल्याण-डोंबिवली १२,४७,३२७ (२०११). मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या २१ किमी. बोगद्यापैकी सु. ७ किमी. भाग खाडीखालून नियोजित आहे.