पंचांग आणि प्रत्यक्ष

पंचांगात मांडलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, हा आग्रह महाराष्ट्राला नवा नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली. पुढे लोकमान्य टिळकांनीही पंचांगशोधनाचा पक्ष हिरिरीने मांडला. गणित आणि डोळे यांची अशी गाठ पडणे, याला आपल्याकडे ‘दृक्प्रत्यय’ म्हणतात. रोहण्यासारख्या गावी मुलांना गणित शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला अणूच्या अंतरंगाचा इतिहास वाचताना याच शब्दाची आठवण होते.

मुंबईचे होमी भाभा यांनी १९३७ साली हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाचे गणित मांडले. एका कणापासून अनेक कण कसे उपजतात याचा तो हिशेब होता, आणि तो निरीक्षणांशी ताडून पाहिला गेला.

पुढची कथा १९७५ सालची, अमेरिकेतील स्टॅनफर्डची. तेथे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवीत. त्यांतून निघणारे कण भुईचक्राच्या ठिणग्यांप्रमाणे चहूकडे उधळतात, की पाठीला पाठ लावलेल्या दोन भुईनळ्यांप्रमाणे दोन झोतांत धावतात? नुसत्या नजरेने निवाडा होईना. तेव्हा शास्त्रज्ञांनी गणकयंत्रावर दोन्ही तऱ्हांच्या लटक्या टकरी रचल्या व खऱ्या टकरी त्यांच्याशी ताडल्या. झोतांचा पक्ष जिंकला. ते झोत क्वार्कचे होते. १९७९ साली जर्मनीत हॅम्बुर्ग येथे तिसरा झोत दिसला, तो ग्लुऑनचा.

परंतु येथे एक मेख आहे. क्वार्कपासून आपल्याला दिसणारे कण कसे घडतात, हा शेवटचा टप्पा मूळ सिद्धांतातून थेट गणिताने सुटत नाही. तेथे काही आकडे प्रयोगावरूनच बसवावे लागतात. उत्तर पाहून गणित सोडविणाऱ्या मुलाला आम्ही गुण देतो काय? म्हणूनच एका यंत्रावर बसविलेले आकडे दुसऱ्या यंत्रावर, अधिक ऊर्जेच्या टकरींत, पुन्हा कसास लावतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जिनिव्हाजवळच्या सर्न येथे या कामात सहभागी झाले; आधी एल-३ प्रयोगात, नंतर सीएमएसमध्ये.

वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशासाठी? नवा कण सापडतो तो प्रत्यक्ष टकरींतून जुन्या ज्ञानाचा हिशेब वजा करून उरलेल्या शिलकीत. वजाबाकी चुकली तर नसलेला कण दिसेल आणि असलेला हातचा निसटेल. म्हणून न जुळणारा आकडा खोडावयाचा नसतो. त्याच्याचपाशी थांबावयाचे असते. छत्र्यांनीही तेच केले होते: ग्रहाला दोष न देता कोष्टके नव्याने मांडली होती.